अर्धवट गेम, मुक्काम शेंडी

कथाप्रधान अ‍ॅक्शन गेम सुटतो तो बहुधा पहिल्या दांडग्या बॉसपाशी, आणि पुन्हा हाती घेतला जातो तो पावसाळ्यात. मधल्या काळाला खेळाडू ‘हल्ली वेळच मिळत नाही’ असे म्हणतात. गेम का सोडला याची कारणे विचारावीत, तर सगळे दोष गेमचे निघतात: कॅमेरा हवा तिकडे वळत नाही, उडी जागेवर पडत नाही, संवाद संपता संपत नाहीत. आपला अंगठा उशिरा हलतो, हे कारण अद्याप कोणी दिलेले नाही.

या विषयाचे चांगले उदाहरण पुण्यात घडले. ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने केला. 2017 मध्ये त्यासाठी किकस्टार्टरवर वर्गणीचे आवाहन झाले. ठरलेली रक्कम काही जमली नाही. अशा वेळी शहाणी माणसे नोकरी शोधतात. स्टुडिओने काम चालू ठेवले. गेम ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत त्याचे नाव होते.

गोष्ट सुटसुटीत आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते आणि पुढचा सगळा प्रवास दुर्गा व विष्णू वरून पाहत, आपसांत बोलत राहतात. कौतुक चित्रांचे झाले. तक्रारी दोन राहिल्या: मारामारी ओबडधोबड आहे आणि शेवट अचानक येतो. 2022 मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तीत हिंदी संवाद आले, मारामारीवरही पुन्हा हात फिरला. मोठ्या घरीही हेच होते. पोलंडचा ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. लोक त्याच्याकडे खऱ्या अर्थाने वळले ते 2023 च्या मोठ्या अपडेटनंतर.

मात्र अपडेट आला म्हणून कोणी गेमकडे परततो, हा समज भाबडा आहे. माणूस परततो तो दुसरे काही करण्याजोगे उरले नाही की. ही अवस्था घरी येत नाही; घरी रेंज असते. ती जुलैत भंडारदऱ्याला येते. तिथले प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 मध्ये पुरे झाले, त्याची साठवण अकरा टीएमसी, आणि ते किती भरले हे अहिल्यानगर जिल्ह्यात पावसाळाभर लग्नाच्या तिथीसारखे विचारले जाते. पर्यटक मात्र कळसूबाई पाहायला आलेला असतो. 1646 मीटर उंचीचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर ढगात असे नाहीसे होते, की ते तिथे आहे हे स्थानिकांच्या शब्दावर मानावे लागते. रंधा धबधबा ऐकून होतो. पहिल्या दिवशी रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन होते. दुसऱ्या दिवशी शेंडी गावातल्या खोलीत भिंतींना ओल, दोरीवर न वाळणारे मोजे, तिसऱ्यांदा मागवलेली कांदाभजी, मोबाईलवर एकच दांडी आणि तीही खिडकीच्या गजाला चिकटून उभे राहिले तर. लॅपटॉपमध्ये नेटवाचून चालेल असे एकच काही असते, मागे सेलमध्ये घेतलेला आणि अर्धवट सोडलेला ‘राजी’.

जुना सेव्ह उघडला की मोठी अडचण येते. राजी चार असुरांच्या मधोमध उभी असते आणि कोणत्या बटणाने काय होते हे खेळाडूला आठवत नाही. ती धनुष्य काढते, भिंतीवर चढते, पुन्हा उतरते आणि मरते. येथे दोन पंथ पडतात. एक तिथूनच नेटाने पुढे जातो. दुसरा ‘न्यू गेम’ दाबतो. दुसरा पंथ बरा. पहिल्यात मानी लोकांचा भरणा असतो आणि ते जेवायच्या वेळी चिडलेले असतात. डिफिकल्टी ‘ईझी’वर आणणारा तिसराही पंथ आहे, पण त्याचे सभासद उघडपणे सापडत नाहीत.

कुटुंबासोबतच्या सहलीत मागच्या पलंगावर बहुधा एक आत्या असते. तिला गेमचे ओ की ठो कळत नाही, पण दुर्गा बोलू लागली की ती पोथी ऐकावी तशी सरसावून बसते. ‘भाऊ सापडला का रे तिचा?’ हे ती दर दहा मिनिटांनी विचारते. एरवी कटसीन आला की दणादण बटण दाबून पुढे पळणाऱ्याला मग तो पुरा पाहावा लागतो, कारण आत्याला मधले काही सुटलेले चालत नाही. कटसीन छायाबाहुल्यांच्या धाटणीचे आहेत, हे त्याला तेव्हा दिसते. वाटेतल्या खांबांपाशीही थांबावे लागते. ‘काल अमृतेश्वराला होते तसेच की हे,’ असे ती म्हणते. खांब अगदी तसे नाहीत. गेमची वास्तू बरीचशी राजस्थानी वळणाची आहे. पण तिथे थांबण्यासारखे काही आहे, एवढे आत्याच्या चुकीने का होईना सिद्ध होते.

मारामारीचा प्रश्न वीजपुरवठा सोडवतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि एवढ्यातच पुढचा चेकपॉइंट गाठायचा असतो. मग खेळाडू उगाच त्रिशूळ फिरवत बसत नाही. वार चुकवतो, खांबाला गिरकी घेतो, मगच मारतो. हे सारे गेमने सुरुवातीलाच शिकवलेले होते.

राहता राहिला शेवट. तो सुधारित आवृत्तीतही अचानकच येतो. गेम काही तासांचाच असल्यामुळे चेकआउटच्या आत उरकतो. मग श्रेयनामावली वर सरकू लागते, आत्या पुढचा भाग कधी आहे असे विचारते, आणि खेळाडू चार्जर गुंडाळताना सेलमध्ये घेतलेले बाकीचे गेम पुढच्या खेपेसाठी आठवू लागतो.