नाशिक हे परराष्ट्र घोषित करावे

परराष्ट्रांशी स्नेहसंबंध दृढ करणे हे राज्यकर्त्यांच्या कर्तव्यांपैकी सर्वांत सुखावह आणि सर्वांत निरुपद्रवी कर्तव्य होय. त्यात पुष्पगुच्छ असतात, दुभाषे असतात, भोजन असते. आणि ज्या पाण्याविषयी करारनामा व्हावयाचा ते पाणी सहीच्या वेळी मेजावर बाटलीबंद स्वरूपात हजर असल्यामुळे टंचाईचा विषय कोणाला फारसा बोचत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये आपले पंतप्रधान इस्रायलला जाऊन आले, २०१८ च्या जानेवारीत तिकडचे पंतप्रधान इकडे येऊन गेले, आणि त्याच वर्षी मराठवाड्याची तहान भागविण्याचा आराखडा तयार करण्याचे काम महाराष्ट्र शासनाने मेकोरोत या इस्रायलच्या सरकारी जलकंपनीकडे सोपविले. तेव्हा ज्या प्रदेशाला शेजारच्या जिल्ह्याकडून हक्काचे पाणी मिळविण्यासाठी वकील द्यावा लागतो त्या प्रदेशाला चार हजार किलोमीटरांपलीकडचा मित्र लाभलेला पाहून बीड जिल्ह्यातील सुज्ञ माणसांना आनंद झाला, व तो त्यांनी टँकरच्या रांगेत उभे राहून व्यक्त केला.

मेकोरोतची स्थापना १९३७ सालची. म्हणजे ही कंपनी स्वतःच्या देशाहून अकरा वर्षांनी वडील आहे. आधी पाण्याचा बंदोबस्त आणि मागाहून राज्य, हा क्रम आपल्याकडील कोणाही मुत्सद्द्यास आजवर सुचलेला नसल्यामुळे तिचा सल्ला घेणे सर्वथा उचितच होते. योजना अशी की, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी जायकवाडी, येलदरी, विष्णुपुरी आदी अकरा मोठी धरणे बंद नळांनी एकमेकांस जोडून त्यांचे एक वर्तुळ करावयाचे, आणि ज्यात पाणी असेल त्यातून ज्यात नसेल त्याकडे ते फिरवावयाचे. बीडच्या वतीने सिंदफणेवरचे माजलगाव आणि मांजरेवरचे धनेगावचे धरण अशी दोन नावे या वर्तुळात दाखल आहेत. आता काही अरसिक लोक विचारतात की, दुष्काळ हा अकरा धरणांना पाळीपाळीने भेटत नसून एकदमच भेटत असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा माजलगावातही उपयुक्त साठा उरलेला नव्हता, मग कोणाचे कोणाकडे फिरवावयाचे? त्यांनी हे लक्षात घ्यावे की, रिकाम्या धरणांस रिकामी धरणे जोडल्याने निदान टंचाईचे तरी समन्यायी वाटप होते, आणि समन्यायी वाटप हे तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचे ब्रीदच आहे.

या मैत्रीत आपण कनिष्ठ आहोत असा न्यूनगंड बाळगण्याचे मात्र काहीच कारण नाही. इस्रायलने १९६४ साली पूर्ण केलेला राष्ट्रीय जलवाहक, ज्याची कीर्ती ऐकून आपली शिष्टमंडळे तिकडे जातात, तो सुमारे १३० किलोमीटर लांबीचा आहे. आणि जायकवाडीपासून माजलगावकडे येणारा आपला पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटरांचा असल्यामुळे दोन किलोमीटरांनी आपणच पुढे आहो. त्या बिचाऱ्यांचे गॅलिलीचे सरोवर समुद्रसपाटीहून दोनशे मीटर खाली असल्याने त्यांना प्रत्येक थेंब पंपाने वर उपसावा लागतो. आपले पाणी उतारानेच चालते, आणि उताराचा लाभ केवळ टोकाच्या शेतकऱ्यालाच का मिळावा अशी उदार भावना वाटेतील सर्वांच्या ठायी असल्याने ते वाटेतच पुष्कळसे कृतार्थ होते. तिकडे १९५५ च्या कायद्याने मापकावाचून पाणी कोणास मिळेनासे केले, आणि १९५९ च्या कायद्याने देशातील सगळे पाणी, भूगर्भातले देखील, सार्वजनिक मालकीचे ठरविले. आपणही मागे नाही. भूजलाचा कायदा आपण २००९ साली केला, तो २०१४ साली अंमलात आणला, नियमांचा मसुदा २०१८ साली प्रसिद्ध केला. कायद्यात अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे, आणि आष्टी-पाटोद्याच्या माळावर रात्री बेरात्री धडधडणारी बोअरची गाडी हा मजकूर वाचण्यासाठीच बहुधा आठशे फुटांपर्यंत खाली जात असावी.

बीडला इस्रायल अपरिचित आहे, असेही कोणी समजू नये. नेगेवच्या वाळवंटातील हात्झेरीम नावाच्या सामुदायिक वसाहतीत १९६५ साली ठिबकच्या नळ्यांचा उद्योग सुरू झाला, त्याचे वंशज आज गेवराईच्या मोसंबीपर्यंत पोहोचलेले आहेत. अनुदानाच्या सोडतीत नंबर लागला म्हणून घेतलेल्या. पहिल्या वर्षी साहेबांनी बांधावर येऊन शेतकऱ्यासह फोटो काढलेल्या. दुसऱ्या वर्षी क्षार धरून ड्रीपर बुजलेल्या आणि उंदरांनी जागोजाग कुरतडलेल्या. तिसऱ्या वर्षी विहिरीने तळ दाखविल्यावर भेंडोळे करून लिंबाच्या फांदीला अडकवलेल्या त्या काळ्या नळ्या ज्याने पाहिल्या नाहीत त्याने तंत्रज्ञानाचे हस्तांतरण पाहिले नाही. त्यातील एखादा धड निघालेला हातभर तुकडा मे महिन्यात, टँकरचे पाणी अंगणातल्या एका निळ्या पिंपातून दुसऱ्या पिंपात ओढून घेण्याच्या कामी येतो. हात्झेरीमच्या अभियंत्यांना हा उपयोग कळल्यास ते आपल्याकडे शिष्टमंडळ पाठवतील.

उसाचा प्रश्न या स्नेहात आणू नये, अशी माझी शासनास नम्र सूचना आहे. ज्या जिल्ह्यातील लाखो माणसे पाणी नाही म्हणून मुकादमाची उचल घेऊन, दसरा झाला की कोयता आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात परक्याचा ऊस तोडावयास जातात, त्याच जिल्ह्यात जे काही पाणी आहे ते उसालाच पाजले जाते, ही गोष्ट इस्रायली तज्ज्ञाला कोणत्या भाषेत समजावून सांगावी हे दुभाष्यालाही उमगणार नाही. २०१९ साली विभागीय आयुक्तालयाने मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस केली होती. शिफारशींचे जे होते ते तिचेही झाले.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. गोदावरी ही नदी तेल अवीवहून येत नसून नाशिकहून येते, ही भौगोलिक अडचण मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही धरणे वर, जायकवाडीचा नाथसागर खाली. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून ते सोडावयाचे. २०१६ साली उच्च न्यायालयानेही हे सूत्र उचलून धरले. आणि तरीही तुटीचे वर्ष आले की मोर्चे, रास्ता रोको, स्थगितीचे अर्ज व पोलीस बंदोबस्त यांतून ते पाणी पैठणकडे निघते. नाशिक-नगरच्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. माजलगाव भरलेले असते आणि परभणीकराने हात पसरला असता तर आपणही याहून निराळे वागलो नसतो. दोष आहे तो नात्याचा. नाशिक हे आपल्याच राज्यातील असल्यामुळे त्याच्याशी वाटाघाटी करताना पुष्पगुच्छ नसतो, भोजन नसते, तंटा तेवढा असतो. तस्मात् नाशिक आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे मराठवाड्यापुरते मित्रराष्ट्र म्हणून घोषित करावेत, सिन्नरास आपला वकील ठेवावा, पैठणास त्यांचा दूतावास उघडावा, दोन्ही बाजूंच्या शिष्टमंडळांनी एकमेकांची धरणे पाहून वृक्षारोपण करावे, आणि मग रीतसर सामंजस्य करार करावा.

असा मसुदा मी तयार केलेला आहे. त्यात अडचण एकच, मराठवाड्याच्या वतीने सही कोणी करावयाची? १९५३ च्या नागपूर करारात या प्रदेशाला न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. त्या वचनाची पूर्तता व्हावी म्हणून घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १ मे १९९४ रोजी जे वैधानिक विकास मंडळ अस्तित्वात आले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि २०२२ साली मंत्रिमंडळाने त्याच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेऊन चेंडू दिल्लीकडे टोलविला. म्हणून आपल्या बाजूस तूर्त एक कोरी रेघ ओढून तिच्याखाली ‘पदसिद्ध’ एवढाच शब्द लिहिला आहे. मित्रराष्ट्राची सही मात्र आजही मिळण्यासारखी आहे. कारण मसुद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्यांना पाणी सोडावयाचे नसून केवळ सहकार्य दृढ करावयाचे आहे.