नसलेल्या तारेचे कुंपण

स्काउटिंग म्हणजे मुलांना निसर्गाच्या भरवशावर सोडून स्वावलंबी करण्याची पद्धत. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत हा निसर्ग मैदानाच्या भिंतीच्या आतच असतो. एका कोपऱ्यात चार बांबू उभे राहिले की तिथून अरण्य सुरू होते. पाण्याच्या टाकीजवळ कायम ओल असते, ती नदी. मुख्याध्यापकांच्या खोलीकडून नोटीस घेऊन येणारा शिपाई प्रसंग पाहून शत्रूचा हेर किंवा जखमी वाटसरू ठरतो. हे सगळे मनापासून खरे मानता आले पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्याने बुद्धिबळाच्या वर्गाला जावे, जरी तिथेही लाकडाला उंट म्हणावेच लागते.

ही परंपरा थेट संस्थापकांपासूनची आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल १८७६ मध्ये घोडदळातले कोवळे अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. त्यांना नाटकात काम करण्याची हौस होती, चित्रकलेची होती आणि घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर टिपण्याचीही होती. या शेवटच्या खेळातला कादिर चषक त्यांनी १८८३ मध्ये जिंकला आणि १८८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. स्काउट हा प्राण्यांचा मित्र असतो, हा नियम त्यांनी पुढे घालून दिला. डुकरांच्या दृष्टीने जरा उशिराच.

त्यांची खरी कीर्ती दक्षिण आफ्रिकेत झाली. बोअर युद्धात माफेकिंग या गावाला १८९९ च्या ऑक्टोबरात वेढा पडला आणि तो २१७ दिवस चालला. बेडन-पॉवेल यांच्याकडे माणसे कमी, तोफा त्याहून कमी आणि काटेरी तार जवळजवळ नव्हतीच. पण लांबून पाहणाऱ्याला तार दिसत नाही, तार ओलांडणारा माणूस तेवढा दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून शिपायांनी खंदकांमधून ये-जा करताना नसलेल्या तारेवरून काळजीपूर्वक पाय उचलून टाकावा, असा हुकूम निघाला. गावाभोवती खोटे सुरुंगही समारंभाने पुरण्यात आले. नाटकातल्या अनुभवाचा युद्धात इतका थेट उपयोग फार थोड्या सेनापतींनी केला असेल. पुढे शाळातपासणीच्या दिवशी पथकाच्या ज्या करामती दिसतात त्यांचे मूळ या खंदकात आहे.

वेढ्याच्या काळात गावातल्या मुलांचे एक पथक निरोप पोचवत असे. ही मुले आधी गाढवांवरून जात. अन्नाची टंचाई वाढली तशी गाढवे पोटात गेली आणि मुले सायकलींवर आली. पोरांवर जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिले आणि १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरवून त्याचा पडताळा घेतला. त्यांत बड्या शाळांतले चिरंजीव होते आणि कामगारांची मुलेही होती. लांडगे, बैल, डोमकावळे आणि कुरल पक्षी असे त्यांचे चार संघ पाडण्यात आले. सकाळी उठवण्यासाठी आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकले जाई. आठवडाभरात कुणीही बुडाले नाही, हरवले नाही. तेवढ्यावर जगभरची चळवळ उभी राहिली. १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांचे स्काउटिंगवरचे पुस्तक निघाले आणि मोठ्या माणसांनी काही ठरवण्याआधीच गल्लोगल्ली मुलांनी आपापली पथके काढली.

हिंदुस्थानात १९०९ मध्ये हे लोण आले ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. हिंदी मुलांना गणवेश द्यावा की नाही यावर सरकार विचार करत बसले, तेव्हा १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत आपल्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली आणि पुढच्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही तीत आली. तेव्हापासून ७ नोव्हेंबरला झेंड्याची चिकटपत्रे विकली जातात. ती विकण्याचे तंत्र असे की, ज्याने काल विकत घेतले त्यालाच आज पुन्हा विचारावे.

संघांना प्राण्यांची नावे देण्याची ब्राउनसीची प्रथा इथेही चालू राहिली, पण बैलाला कुणी वाली उरला नाही. पोळ्याला ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतात त्याचे नाव संघाला घ्यायला एकही मुलगा तयार नसतो. वाघ, सिंह आणि चित्ता पहिल्या मिनिटात संपतात. वर्गात उशिरा आलेल्यांना हरीण मिळते आणि ते वर्षभर मान खाली घालून आरोळी देतात. गाइडांच्या संघांना फुलांची नावे असतात. तिथे भांडण गुलाबावरून होते आणि झेंडू नेहमी उरतो.

पहिली विद्या गाठींची. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन अशी ही मालिका फळ्यावर फार सुंदर दिसते. रीफ नॉट उजवीवर डावी, डावीवर उजवी अशी घालायची असते. क्रम चुकला की तिची जी भलतीच गाठ होते ती वेळेवर सुटत नाही. दररोज एक सत्कृत्य करायचे आणि ते होईपर्यंत आठवण म्हणून स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, अशी एक जुनी पद्धत आहे. सत्कृत्य सकाळी आठलाच उरकले तरी गाठ गुरुवारपर्यंत तशीच राहिलेले स्काउट प्रत्येक पथकात सापडतात. लोक त्यांना आळशी समजतात. त्यांचे फक्त उजवे-डावे चुकलेले असते.

दोराचा विषय निघाला की स्काउटचे सर तानाजीकडे वळतातच, आणि पहिली मोठी पदयात्रा साहजिकच सिंहगडाची ठरते. यात एक अडचण आहे. १६७० च्या त्या रात्रीचा दोर कथेत अमर झाला तो कापला गेल्यामुळे. सूर्याजीने दोर कापले म्हणून मावळे परत फिरून लढले, असे सांगितले जाते. दोर नीट बांधला म्हणून कुणी जिंकल्याची गोष्ट सरांना आठवत नाही, आणि मागच्या रांगेतला चित्ता नेमका तोच प्रश्न विचारतो.

पदयात्रेची तयारी यादीने होते. यादीत शिटी, होकायंत्र, दोरी, वही, पेन्सिल आणि प्रथमोपचाराचे साहित्य असते. प्रत्यक्ष हॅवरसॅकमध्ये शिटी, होकायंत्र आणि आईने भरलेला डबा एवढेच असते. डबा स्टीलचा आणि होकायंत्राच्या शेजारी ठेवलेला, त्यामुळे उत्तर दिशा बऱ्याचदा बटाट्याच्या भाजीकडे झुकते. आतकरवाडीहून वर जाणाऱ्या वाटेवर सर पुढे जाऊन मागखुणा मांडतात: दगडावर दगड म्हणजे ‘वाट हीच’, फुलीच्या आकारात ठेवलेल्या काटक्या म्हणजे ‘इकडे येऊ नका’. रविवारी या वाटेवर इतकी माणसे असतात की वाट चुकणे हेच कौशल्याचे काम आहे. तरी दोन संघ चुकतात. कुणीतरी फुलीच्या काटक्या उचलून चहाच्या चुलीत घातलेल्या असतात.

मागखुणांतली शेवटची खूण म्हणजे वर्तुळ आणि मधोमध टिंब. ‘मी घरी गेलो’ असा तिचा अर्थ. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावरही हीच खूण आहे. गडावर मात्र ती सापडली तर काढणाऱ्याला भजी आणि मडक्यातले दही मिळते त्या झोपडीत शोधावे.

शिबिर हा या सगळ्याचा कळस. तंबू उभारताना संघनायक हुकूम सोडतो आणि बाकीचे एकाच दोराला दोन्ही बाजूंनी ताणतात. खुंट्या ठोकायला मोगरी एकच असते आणि ती नेहमी शेजारच्या संघाकडे असते. तंबू कसाबसा उभा राहिला की त्याच्या दारात उपकरणे बांधायची. बांबू आणि सुतळी यांच्यापासून चपलांचा स्टँड, कपड्यांचा स्टँड, मडक्याची तिकाटी अशी ही बांधकामे असतात. चपलांच्या स्टँडला दीड तास लागतो आणि त्यावर पाच जोड मावतात. उरलेले तिघे तपासणी होईपर्यंत अनवाणी राहतात. तपासणीला तंबूत एक वळकटी जराही हलवून चालत नाही, कारण संघाचा सगळा पसारा तिच्यात कोंबलेला असतो आणि तिच्यावर सर्वांत निरागस चेहऱ्याचा मुलगा बसवलेला असतो. तपासनीसही कधीकाळी स्काउट असल्यामुळे ते वळकटीकडे पाहतात, मुलाकडे पाहतात आणि पुढच्या तंबूकडे जातात. माफेकिंगच्या खंदकातली अदृश्य तार त्यांनाही दिसलेली असते.

बिनभांड्यांचा स्वयंपाक ही परीक्षा खरे तर आपल्याकडे नवी नाही. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजणाऱ्यांना त्याबद्दल कुणी कधी पदक दिलेले नाही. पथकात मात्र त्याला गुण असतात. राखेत पुरलेला बटाटा, कोरलेल्या कांद्यात फोडलेले अंडे, काठीला गुंडाळून शेकलेली कणीक असा बेत असतो. बटाटा कुठला आणि कोळसा कुठला हे परीक्षकांना वेळीच सांगणे संघनायकाचे काम. परीक्षक चतुर असतील तर उपास आहे म्हणून सांगतात; पण मग बटाटा पुढे येतो, आणि तो उपासाला चालतो.

प्रथमोपचाराच्या प्रात्यक्षिकात दोन काठ्या आणि दोन सदरे यांची झोळी करून रुग्णाला न्यायचे असते. रुग्ण म्हणून पथकातला सर्वांत हलका मुलगा निवडतात; त्याचे वर्षभराचे कार्य एवढेच. डिसेंबरच्या थंडीत दोघे उघडे, चौघे धावतात, तिसऱ्या वळणावर सदऱ्याची बटणे सुटतात आणि खोटा रुग्ण खरा होतो. त्या क्षणी पथक बदलते. वादावादी थांबते, कुणीतरी न सांगता पाणी आणतो, दुसरा स्कार्फ सोडून कोपराला झोळी बांधतो, आणि ती फळ्यावरच्या चित्रापेक्षा बरी बसते. औषधाच्या पेटीची किल्ली गावात गेलेल्या सरांच्या खिशात असते, हे वेगळे सांगायला नको.

रात्री शेकोटी. पाऊसटाळी, रेल्वेटाळी, आरोळ्या आणि विनोदी नाटुकली. नाटुकलीत एक डॉक्टर आणि एक बहिरा असतोच. मूळ नियमांत स्काउट कोणत्याही संकटात हसतो आणि शीळ घालतो, असे होते. हा नियम इथल्या घरांत टिकणे अवघड होते. शीळ घालणारा मुलगा टवाळ, आणि रात्री घातली तर साप येतो, अशी दुहेरी तजवीज आज्यांनी आधीच करून ठेवली होती. संकटात हसण्यालाही घरी फारसे उत्तेजन मिळत नाही.

सेवेचे काम यापेक्षा सरळ असते, निदान वेळापत्रकात. विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करायचे, जत्रेत हरवलेली मुले सांभाळायची, वारीत पाणी द्यायचे. हरवलेल्या मुलांपैकी एखादे हरवलेले नसतेच. त्याचे आईबाप शेजारीच पेढे घेत असतात आणि आपले मूल गणवेशातली पोरे उचलून नेताना पाहून ओरडू लागतात. वारीत तर सेवा कोण कुणाची करतो हे ठरवणे कठीण. स्काउट पाण्याचा पेला पुढे करतो, तर वारकरी आजी आधी त्यालाच विचारतात, ‘माउली, जेवलास का?’ आणि कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवतात. मुलगा शिकवल्याप्रमाणे तीन बोटांनी सॅल्यूट ठोकतो. सत्तरीचे एक बुवा वाकून त्याच्या बुटांना हात लावतात. यावर काय करायचे हे नियमपुस्तकात नाही. काही मुले पुन्हा सॅल्यूट करतात, काही पळतात, आणि एखादा वाकायला जातो तर पाण्याची घागर कलंडते.

शेवटचा भाग खरी कमाई. स्वतःच्या कष्टाचे पैसे मिळवण्याचा हा उपक्रम बहुतेक शाळांत खाद्यपदार्थांच्या बाजाराच्या रूपाने होतो. सकाळी गॅस बंद करण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळे स्वावलंबी असते. त्याचा हिशेब असा: चुरमुरे वडिलांच्या पैशांचे, चिंचेची चटणी आईची, कांदा चिरताना रडली बहीण, आणि वीस रुपयांची भेळ घेणारे गिऱ्हाईक म्हणजे पुन्हा वडील. त्यांनी शंभराची नोट दिली तर सुटे मिळत नाहीत. खर्चाच्या रकान्यात फक्त कागदी प्लेटांची किंमत लिहिली जाते, त्यामुळे नफ्याची टक्केवारी अशी निघते की ती पाहून एखाद्या उद्योजकाने धंदा बदलावा. काही दुकाने खरोखर चालतात: बूट पॉलिश करून देणाऱ्या हरीण संघाकडे रांग लागते आणि दुपारपर्यंत त्यांची डबी संपते. वाघ संघाचे ताक मात्र उन्हात उरते. सरतेशेवटी ते स्काउटच्या सरांना विकले जाते, पूर्ण किमतीला, आणि सर ते पिऊन हिशेबाच्या वहीवर सही करतात.