राजधानी सिमल्याला, मतदान ब्रॅम्प्टनला

देश काढायला भांडवल फार लागत नाही. डॉ. जगजितसिंग चौहान एकेकाळी पंजाबचे अर्थमंत्री होते, त्यामुळे काटकसर त्यांना ठाऊक असणारच. १९७१ साली त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये खलिस्तानची जाहिरात दिली. पुढे लंडनला बसून पासपोर्ट काढले, टपाल तिकिटं छापली, डॉलरसुद्धा छापले. राष्ट्राध्यक्ष शोधायची यातायात नव्हती, ते स्वतःच होते. राहिली फक्त जमीन. शेवटी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष भारतात परतले आणि २००७ मध्ये पंजाबातल्या टांड्याला वारले.

आताचा कारभार अमेरिकेतून चालतो. ‘सिख्स फॉर जस्टिस’वाले सार्वमत घेतात : लंडन, जिनिव्हा, ब्रॅम्प्टन, मेलबर्न. पंजाबात घेत नाहीत. भारतात या संघटनेवर २०१९ पासून बंदी आहे, हे खरं. पण म्हणून मतदान ब्रॅम्प्टनला? राजसिंहासनाशी निष्ठेची शपथ घेऊन कॅनडाचा नागरिक झालेला गृहस्थ तिथे रांगेत उभा राहतो, लुधियान्याचं भवितव्य ठरवतो आणि संध्याकाळी ब्रॅम्प्टनमधल्या घराचा हप्ता भरतो. स्वतंत्र झालेल्या देशात राहायला जाण्याची अट मतपत्रिकेवर नसते.

या संघटनेचा खलिस्तानचा नकाशा तर पाहण्यासारखा आहे. बाजारात तुरी, तरी राजधानी ठरली : सिमला! हिमाचलात शीख जेमतेम एक टक्का, पण हवा चांगली आहे. महाराजा रणजितसिंगांची राजधानी लाहोर. गुरू नानकांचं जन्मस्थान ननकाना साहिब. त्यांनी देह ठेवला ते कर्तारपूर. तिन्ही आज पाकिस्तानात. नकाशा मात्र वाघा सीमेवर येऊन अदबीने चपला काढतो. इस्लामाबादला उगाच वाईट वाटायला नको.

शिखांच्या पाच तख्तांपैकी दोन, पाटणा साहिब आणि आपल्या नांदेडचं हजूर साहिब, या नकाशाबाहेरच. म्हणजे दशम गुरू गोविंदसिंगांचा जन्म एका परदेशात, अखेर दुसऱ्या गावी पण त्याच परदेशात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आंतरराष्ट्रीय गाडी होईल. नांदेड स्टेशनात निदान इमिग्रेशनच्या निमित्ताने तरी पंखे चालू होतील.

यात न हसण्यासारखंही बरंच आहे. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात खलिस्तानवाद्यांच्या बॉम्बने ३२९ माणसं मारली गेली, बहुतेक कॅनडाचीच. शिक्षा झाली एकट्याला. पुढच्याच वर्षी पुण्यात खलिस्तानवाद्यांनी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्यांना भररस्त्यात गोळ्या घातल्या. आणि चौऱ्याऐंशीच्या दिल्लीतल्या शीख हत्याकांडासाठी काँग्रेसच्या सज्जनकुमारांना जन्मठेप व्हायला २०१८ उजाडलं. ब्रॅम्प्टनमधल्या कुठल्याही भाषणापेक्षा या चौतीस वर्षांनी फुटीरांना जास्त खाद्य पुरवलं असेल.

त्यातूनही काही कमी पडलं, तर आपल्या वाहिन्या आहेतच. २०२० च्या थंडीत कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात दिल्लीच्या सिंघू सीमेवर ट्रॉलीत झोपणारा, हमीभावाचं विचारणारा म्हातारा त्यांनी परस्पर खलिस्तानी करून टाकला. चौहानांना तीस वर्षांत जमली नाही एवढी भरती स्टुडिओने एका हंगामात केली. वर्षभराने सरकारने ते तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा केली, तेही नानकजयंतीचा मुहूर्त साधून. त्या म्हाताऱ्याला पुन्हा भारतीय करून घेण्यासाठी मात्र कुठल्याही वाहिनीने अर्धा तास राखून ठेवला नाही.