नाणी सांभाळावीत कशी, आणि कोणापासून

नाणी शतकानुशतकं टिकवायची खात्रीची पद्धत एकच: ती सोन्याची असावीत आणि चिखलीत पुरलेली असावीत. 2022 साली चिखलीत एका बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची 216 नाणी सापडली. अठराव्या शतकातली, मुघल काळातली. पोलिसांकडे जमा झाली तेव्हा वजन भरलं 2,357 ग्रॅम. भागाकार केला की एका नाण्याला 10.91 ग्रॅम येतात, म्हणजे मोहरेचं ठरलेलं वजन. कित्येक पावसाळे डोक्यावरून गेले, मग बिल्डर आला, आणि तरीही माल टॉलरन्समध्ये! सोबतच्या भांड्याचा मात्र तुकडाच हाती लागला.

ही पद्धत सर्वांना परवडणारी नाही. शिवाय गुप्तधनाच्या 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यामुळे आपलीच पुरचुंडी वर काढताना आपल्यालाच अर्ज करावा लागायचा. सबब, कपाट बरं.

पुढचं मार्गदर्शन एका विशिष्ट वाचकासाठी आहे. हा वाचक निगडी-प्राधिकरणात दर दुसऱ्या गल्लीत राहतो. भोसरी किंवा आकुर्डीच्या एखाद्या कारखान्यात, टूलरूममध्ये नाहीतर क्वालिटीत, जन्म काढून तो निवृत्त झाला आहे. शर्टाच्या खिशात अजून सहा इंची स्टीलची पट्टी असते आणि लग्नाच्या जेवणातली जिलेबीसुद्धा तो आधी ‘व्हिज्युअल’ करून मग खातो. इतकी वर्षं दुसऱ्याचा माल गंजू नये म्हणून जीव टाकला. आता माल स्वतःचा आहे. चार-सहा तांब्याच्या शिवराया, भोकाचे पैसे, पंचम जॉर्जचे रुपये, 1969 चा गांधीजींचा चांदीचा दहाचा. या गृहस्थाच्या ज्ञानाबद्दल कुणालाच शंका नाही. पंचाईत अशी की नाण्यांना धोका आहे तो त्या ज्ञानाचाच.

उदाहरणार्थ 5एस. चाकणच्या कुठल्याही शॉपमध्ये शिरलं की भिंतीवर हा फलक दिसतोच: वर्गवारी करा, जागेवर लावा, स्वच्छ करा, प्रमाण ठरवा, शिस्त पाळा. नाण्यांना यातले चार एस तंतोतंत लागू पडतात. तिसरा एस, स्वच्छतेचा, घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवावा. जुन्या तांब्यावर चढलेला तपकिरी-काळसर थर म्हणजे घाण नव्हे. तो धातूने स्वतःच घातलेला अंगरखा आहे आणि आतल्या तांब्याला तोच सांभाळतो. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. हातोडीच्या ठोक्याने उठवलेली, आणि बहुतेक नाण्यांवर पुढच्या दोनशे वर्षांच्या हाताळणीने आधीच झिजलेली. त्यावर चिंच चोळली की नाणं चकचकीत होतं आणि अक्षरांची उरलीसुरली धार जाते. याला रिवर्क नाही. थेट स्क्रॅप.

हे गृहस्थांना पटतं. घरात पटत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कपाट उघडतं, रुपये ताम्हनात येतात, त्यांना पंचामृताने स्नान घडतं, म्हणजे दह्याचं आम्ल, मधाचा चिकटा आणि दुधाची साय एकदमच. वर ओलं हळदकुंकू. ते कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत जाऊन बसतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हलत नाही.

“अहो, लक्ष्मी आहे ती. अशी काळी ठेवतात का?”

या प्रश्नाला कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. तोडगा मात्र आहे. सराफाकडून चांदीचं एक नवं नाणं आणावं, तेच दरवर्षी पूजेला बसवावं आणि बाकीच्यांची मानसपूजा करावी. हा तोडगा गृहस्थांनी सुचवू नये. सासूबाई असतील तर त्यांच्याकडून यावा.

आता पाकिटं. बाजारात नाण्यांचे जे मऊ, लवचिक पानांचे स्वस्त आल्बम मिळतात, त्यातले बरेच पीव्हीसीचे असतात. ओळखायला प्रयोगशाळा नको: नव्या रेनकोटसारखा वास आला की आल्बम दुकानदाराला परत द्यावा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं कालांतराने पाझरतात, प्लास्टिक विघटताना आम्ल सुटतं, आणि नाण्यावर हिरवट चिकट लेप चढतो. तो वेळीच दिसला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवावं. चोळायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, जवळ गॅस पेटलेला नको. मुलीच्या ड्रेसिंग टेबलावरचं नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे. त्यात रंग, सुगंध, तेल सगळं असतं. घ्यायची ती पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलरची. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरला पिना मारल्यावर त्या पक्कडीने दाबून सपाट कराव्यात, नाहीतर एका होल्डरची पिन शेजारच्या जॉर्जच्या गालावर ओरखडा काढते.

रबरबँड नको. त्यातलं गंधक चांदीवर काळा पट्टा उमटवतं.

यानंतरचं कलम नाजूक आहे. गृहस्थांच्या माळ्यावर कारखान्यातून आलेल्या (कशा आल्या ते विचारू नये) व्हीसीआयच्या पिशव्या असतात, आणि एका डब्यात आरपी ऑइल. या पिशवीतून निघणारी वाफ धातूवर बसून गंज रोखते हे खरं. याच पिशवीत बसून गिअर समुद्रापार जातात. पण लोखंडासाठी बनवलेल्या काही पिशव्यांतली रसायनं तांब्या-पितळेला मानवत नाहीत. आणि गंजरोधक तेल धूळ धरून ठेवतं. शिवराई निर्यात व्हायची नाही, तिला गिअरची पॅकिंग नको.

पाणी हा खरा वैरी. जून ते सप्टेंबर पिंपरीची हवा पिळून घ्यावी अशी असते. तांब्यात क्लोराइड मुरलेलं असेल तर दमट हवेत नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी दिसू लागते आणि ती आत आत खात जाते. असं नाणं लगेच वेगळं काढावं, कोरड्या डब्यात ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. कारखान्यातल्यासारखा लाल डबा ठेवला तरी हरकत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये; ओल तिथूनच येते. पवनाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालचा कप्पा वापरूच नये. मोरया गोसावींच्या मंदिरात नदी येते, तशी ती भक्तांच्या घरीही येते. सिलिका जेल ठेवावं, पण बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्या म्हणजे दुसऱ्याने पिऊन टाकलेला चहा. निळे दाणे आणावेत. गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात. मात्र तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. सबब पोह्यांची कढई वापरल्यास पुढील परिणामांना गृहस्थ स्वतः जबाबदार.

नाणं धरावं कडेने, खाली मऊ कापड अंथरून. हे गृहस्थांना शिकवायला नको. स्लिप गेज उघड्या बोटांनी धरणाऱ्या ट्रेनीला त्यांनी एकेकाळी सगळ्या शॉपसमोर झापलं आहे. प्रश्न पाहुण्यांचा. पाहुणा “बघू” म्हणतो आणि चिवड्याच्या हाताने राजाच्या चेहऱ्यावर अंगठा उठवतो. त्याला नाण्याचं काही पडलेलं नसतं. तारखेखालची चौकट म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता, एवढं सगळं रंगून सांगितल्यावर तो विचारतो, “आता याचे किती येतील हो?” मग मोबाइल काढून जुन्या दोनच्या नाण्याला लाखो रुपये देणारी जाहिरात दाखवतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन आणि कर मागणाऱ्या या टोळ्यांबद्दल खुद्द बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं. पाहुण्याला हे सांगून उपयोग नाही. त्याला बाकरवडी द्यावी, म्हणजे दोन्ही हात गुंततात.

लॉकरचाही फार भरवसा धरू नये. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात माल गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. पूर-भूकंपात बँकेची चूक नसेल तर तीही नाही. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं, म्हणून यादी आपणच करायची: प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, कुठून, कधी, कितीला घेतलं. वजन-व्यासाचे रकाने दोन दशांशांपर्यंत भरलेले असतात. ‘कितीला’ हा रकाना गृहस्थ पेन्सिलीने भरतात आणि घरी दाखवायच्या प्रतीत तो आकडा अर्धा असतो. पेशवाईत चिंचवडलाच टांकसाळ होती. तिथला म्हणून रुपया एखाद्याने आणून दाखवला तर तो अर्धा आकडाही लिहायचं धैर्य होत नाही.

यादीत शेवटचा रकाना ‘पुढे कोणाला’ असा असावा, आणि तो भरताना कायदा बघावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवराया आणि पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये त्यामुळे इथेच राहणार, पुण्यातल्या भाच्याला रस असो वा नसो. ह्यूस्टनच्या नातवासाठी भोकाचे पैसे वेगळे काढावेत. ते 1943 ते 1947 मधले, म्हणजे पहिल्याला शंभर भरायला 2043 उजाडेल. नातवाने आल्यावर त्यात दोरा ओवून गळ्यात घातला, तर गृहस्थांनी त्या वेळी गच्चीत जाऊन टाकीतलं पाणी तपासावं.