जावयाची तबकडी आणि लंडनचे साठे

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अलीकडं या ना भिंतीशी. कपडे काय, वाळतील सावकाश. वाड्यातल्या माईंकडचं तुम्हाला कळलंच असेल म्हणा, अख्ख्या बोरीला कळलंय. जिंतूरच्या एसटीतसुद्धा तोच विषय होता म्हणे. पण आतलं मी सांगते, कारण मी तिथं होते. अनारसे तळायला बोलावलं होतं मला.

धोंड्याचा महिना, लेक-जावई पुण्याहून आलेले. माईंनी पुरणाचे धोंडे केलेले, चांदीचं निरांजन पुसून ठेवलेलं. आणि जावईबापूंच्या हातात ही एवढी चौकोनी, चपटी पेटी! धाकट्या जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं, “पैठणी.” माईंनी पदर सारखा केला, कुंकवाचा करंडा पुढं ओढला. जावयांनी पेटी उघडली आणि आतनं काय निघावं? काळी तबकडी! माईंचा चेहरा, अहो, दुधात लिंबू पिळल्यासारखा झाला. जाऊबाई लगेच स्वयंपाकघरात. हसायला गेल्या होत्या, दुसरं काय.

बरं, किंमत पौंडात लिहिलेली, त्यामुळं पंगतीत कुणाला कळली नाही ते एक बरं झालं.

तर काय सांगत होते... हां, तबकडी. तात्यांनी चष्मा लावून वाचलं, ‘कोकण डान्स’. माई म्हणाल्या, “कोकण म्हणजे आपलं कोकण?” आपलंच हो! ते डिसिल्वा नाहीत का, अमानसिओ डिसिल्वा, गिटारवाले. मूळ गोव्याचं घराणं, जन्म मुंबईचा, १९३६ चा. जयपूरच्या महाराणीनं गिब्सनची गिटार दिली होती बघा ज्यांना, तेच ते. बायको आयरिश, जॉइस तिचं नाव. १९६७ मध्ये मुलाबाळांसकट लंडनला गेले. लोक काय म्हणाले असतील तेव्हा, विचार करा! गोव्याचा मुलगा, मडम सून, आणि निघाले कुठं, तर सायबाच्याच देशात सायबाला जाझ ऐकवायला.

आणि ऐकवलंच की. पहिली तबकडी १९६९ ची, ‘इंटिग्रेशन’. तीत एक चाल ‘जयपूर’, एक ‘गँजेस’, एक ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. आणि एक काय तर ‘जॉइस कंट्री’! आयर्लंडात त्या नावाचा मुलूखच आहे म्हणतात, पण बायकोचंही नाव तेच ना. हे ऐकल्यावर जाऊबाईंनी त्यांच्या यजमानांकडं जे बघितलंय... चाल सोडा, त्या माणसानं वीस वर्षांत त्यांच्या नावानं साधी हाक मारलेली नाही, “अगं ए” वर संसार चाललाय. ती जॉइसबाई पण साधीसुधी नव्हे बरं का. पुढं शेतातल्या मुक्या जनावरांच्या हालांवर झगडणारी मोठी संस्था आहे तिकडं, तिची प्रमुख झाली. जावई म्हणाले, कित्येकांना बाई माहीत आहेत आणि नवऱ्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवतात.

त्याच साली दुसरी तबकडी, तिचं नाव ‘हम दोनो’. तात्या एकदम खूश! “देव आनंदचा पिक्चर! गाणी लाव, गाणी लाव.” देव आनंदचा नव्हे हो तात्या... तात्यांचाही चेहरा पडला मग. त्या दिवशी वाड्यात चेहरे पडायचा मुहूर्तच होता जणू. ते दोघे म्हणजे डिसिल्वा आणि जो हॅरियट. हॅरियट जमेकाचे, १९५१ मध्ये लंडनला आलेले, ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचे. शिवाय ट्रम्पेटवर इयन कार. आणि एक बाई, नॉर्मा विन्स्टन. ती गाते पण शब्दच म्हणत नाही! नुसता आवाज, गिटारच्या आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीनं. माई म्हणाल्या, “शब्द विसरली का काय?” तात्या म्हणाले, “आलाप गं तो.” कळलं त्यांना, तीस वर्षं भजनी मंडळ उगाच नाही चालवलं.

ती ‘हम दोनो’ जावयांनी सीडीवर आणली होती. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ म्हणून एक संथ तुकडा आहे. मला विचाराल तर सगळ्यात सरस तोच. ‘जयपूर’ वर पोरं नाचली, जावई पण ‘जयपूर’ चंच कौतुक करत होते, पण मला तो जरा... घाई आहे त्यात. ‘बॅलड’ मध्ये गिटार कशी, एकेक सूर सुटा, दाबून वाजवलेला. सतारीची नक्कल करत नाही तो माणूस, हे मला आवडलं. त्या वेळी तिकडं ज्याच्या त्याच्या गाण्यात सतार घुसडायची टूम निघाली होती ना, बीटल्सच्या नादानं.

तुम्ही म्हणाल हिला एवढं कसं कळायला लागलं. अहो, दोन तास बसवलं होतं आम्हाला! मध्ये लाईट गेली तेव्हा सुटले वाटलं, तर परत आली.

हां, आता खरी गंमत. ‘कोकण डान्स’ च्या पाकिटाच्या पाठीवर वाजवणाऱ्यांची नावं आहेत. जावई वाचत होते, डॉन रेंडेल, स्टॅन ट्रेसी, अॅलन ब्रॅन्सकम, क्लेम आल्फर्ड. त्यातले आल्फर्ड सतारवाले, गोरे असून! आम्ही आपल्या माना डोलावतोय. आणि मग म्हणाले, “तबला, केशव साठे.” माई ताडकन वळल्या. “साठे? कुठले साठे?”

बघा! इतका वेळ काही सोयरसुतक नव्हतं, साठे म्हटल्यावर कान टवकारले. मुंबईचे हो, १९२८ चा जन्म. पन्नाशीच्या दशकातच लंडनला गेले, तबला घेऊन. तो हॅरियटही १९२८ चाच, एका सालचे दोघं. आणि गाठ कुठं पडली, तर जॉन मेयरकडं. मेयर कलकत्त्याचे, अँग्लो-इंडियन, व्हायोलिनवाले. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांनी दोन पंगती बसवल्या, पाच जण जाझचे, पाच आपल्या बाजूचे. १९६६ ला ‘इंडो-जाझ सूट’, मग ‘इंडो-जाझ फ्यूजन्स’ चे दोन भाग. मेघ, गौडसारंग, मुलतानी, सगळं आहे त्यात. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर आपले साठे, आणि तानपुऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. पैंगणकर! आता या आडनावाला गाव विचारायची गरज आहे का? पण तानपुरेवाल्याकडं कोण बघतो, तिकडंही तेच आणि इकडंही तेच.

तात्यांना मुलतानी ऐकायचा होता. ऐकला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुलतानी असा धावत नाही.” जावयांनी सांगितलं, मेयर सगळं आधी लिहून द्यायचे, कुठले सूर घ्यायचे ते ठरवून द्यायचे आणि जाझवाल्यांनी त्या कुंपणात राहून आपलं आपलं वाजवायचं. तात्या म्हणाले, “तेच तर दिसतंय, कुंपण दिसतंय.” तिखट बोलतात तात्या कधीकधी, पण इथं पटलं मला. मेयरांचं जरा शाळेतल्या वेळापत्रकासारखं वाटतं, आता यांची पाळी, आता त्यांची. डिसिल्वांचं तसं नाही. तिथं कोण आपलं आणि कोण त्यांचं ते विचारायला सुचतच नाही. तरी मेयरांची एक चाल, ‘अका रागा’, बीबीसीवर ‘आस्क द फॅमिली’ नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम होता, त्याच्या सुरुवातीला लावायचे. म्हणजे बघा, विलायतेतली घरंच्या घरं चहा पिता पिता साठ्यांचा तबला ऐकत होती. आणि इकडं कुणाला पत्ता नाही!

तेवढ्यात पखवाजवाले बुवा आले, जेवायला बोलावलेले. त्यांना न सांगता जावयांनी ‘कोकण डान्स’ लावली. बुवा आपले पाट ओढून बसले, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू. बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, “गडी काय वाजवायलाय! तिकडं कुणी कितीबी हुंदडू द्या, ह्यो जागा सोडंना.” हे तुमच्या त्या मोठमोठ्या मासिकांतल्या समीक्षेत तरी लिहिलं असेल का? बुवांनी नावही विचारलं नाही आधी. आणि नाव सांगितल्यावर काय म्हणाले माहितीय? “असंल.”

अगं बाई, जर्मनीचं राहिलंच! १९६७ ला हेच साठे आणि मोतीहार जर्मनीत गेले होते, फिलिंगेन म्हणून गाव आहे काळ्या जंगलाच्या बाजूला, तिथं रेकॉर्डिंग. पियानोवर इरेन श्वाइत्सर, स्वित्झर्लंडची बाई. तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर. ‘जाझ मीट्स इंडिया’ असं त्या तबकडीचं नाव. आता जर्मनीचं नाव निघाल्यावर तात्या थांबतात होय? “जगात जर्मनी...” असं त्यांनी म्हणायचा अवकाश, सगळ्या पोरांनी “भारतात परभणी!” असं ओरडून पुढचं पुरं केलं. जावई पुण्याचे, त्यांना काय झालं तेच कळेना.

आणि साठ्यांचं एवढ्यावर थांबलं नाही. सत्तरच्या दशकात जॉन रेनबॉर्न म्हणून गिटारवाले, त्यांच्या मंडळींत शिरले. इंग्रजांची जुनी लोकगीतं आणि त्यावर आपला तबला. १९७७ ची तबकडी आहे. २०१२ मध्ये गेले साठे. हॅरियट तर फार आधी, १९७३ लाच, चव्वेचाळीस वर्षांचे. शेवटी हातात पैसा नव्हता. हे सांगताना जावयांचा आवाज जरा बसला आणि मुलीनं पटकन अनारशाचं ताट फिरवलं. शहाणी आहे पोरगी.

तर काय सांगत होते, हे सगळं बुडालं कसं? अहो, १९६९ म्हणजे तिकडं रॉकचा पूर आलेला. जाझच्या तबकड्या मोजक्याच निघायच्या, त्या खपल्या नाहीत की कंपनी यादीतनं नाव काढून टाकायची. डेनिस प्रेस्टन म्हणून होते एक, लंडनला लॅन्सडाउन स्टुडिओ त्यांचा. मेयर, हॅरियट, डिसिल्वा, सगळ्यांना त्यांनीच आसरा दिला. स्वतः रेकॉर्डिंग करायचे आणि कंपनीला विकायला द्यायचे. ‘कोकण डान्स’ मात्र तशीच पडून राहिली. सत्तरीच्या सुरुवातीची ती, बाहेर आली २००६ ला! डिसिल्वा १९९६ लाच गेले. आपली ‘कोकण डान्स’ दुकानात बघणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं...

मग नव्या पिढीच्या लोकांना जाग आली. जाइल्स पीटरसन म्हणून रेडिओवाले आहेत, त्यांनी २००२ ला जुन्या ब्रिटिश जाझचा निवडक संग्रह काढला, तिथनं वारं फिरलं. २०२१ ला डेक्कासारख्या बड्या कंपनीनं पण १९६५ ते १९७२ मधलं निवडून काढलं. तोवर जुन्या प्रती शेकडो पौंडांना गेलेल्या.

आणि इथंच त्या पुण्याच्या मित्राची गोष्ट येते. नाव नाही सांगत. जावयांचे दोस्त, त्यांच्याकडं ‘हम दोनो’ ची मूळची प्रत. काचेच्या कपाटात! पाहुणा आला की हात धुऊन या म्हणायचे, लांबनं दाखवायचे, आणि वाजवायचं नाव काढलं की “सुई नवीन आणायचीय.” वर्षानुवर्षं ती सुई काही आली नाही. मग एक दिवस जावई त्यांच्याच घरी ही नवी सीडी घेऊन गेले. चारचौघांत! मुलगी सांगत होती, त्यांच्या बायकोला आधी हसू आलं, मग त्यांच्या तोंडाकडं बघून तिनं ते गिळलं. ते म्हणाले, “अस्सल ते अस्सल. तो आवाज यात नाही.” जावई म्हणाले, “तो आवाज ऐकव मग.” शांतता! कपाटाची किल्ली सापडेना.

तसं त्यांचंही अगदीच खोटं नाही हं. जावईच म्हणाले, पुन्हा काढताना मूळ मास्टर टेप मिळाली तर ठीक, पण कधी ती हरवलेली असते. मग कुणाकडली तरी जुनी तबकडीच वाजवून उतरवून घ्यायची आणि चरचर साफ करायची. साफ करता करता झांजांची चमकही पुसली जाते. म्हणून घेताना जाणते लोक आधी विचारतात, टेपवरनं का तबकडीवरनं. पण पुन्हा काढलेल्यात माहितीची पुस्तिका मिळते ती जुन्यात कुठं असते? साठे कोण, पैंगणकर कोण, हे लिहिणार कोण होतं तेव्हा? आणि मी म्हणते, पन्नास वर्षांनी का होईना, बुवांच्या कानावर तो तबला पडला तो नव्या प्रतीमुळंच ना. कपाटातली काय बोरीला येणार होती!

तात्यांनी मग माळ्यावरनं त्यांचा तो जुना एचएमव्हीचा फिएस्टा काढला. जावयांचा चेहरा पांढरा! “त्यावर नको तात्या, त्याच्या सुईनं खाचा जातील.” आपलं मशीन पुण्याहून बॅगेत घालून आणलं होतं त्यांनी, कपड्यांत गुंडाळून. म्हणूनच लेकीच्या दोन साड्या राहिल्या पुण्याला. त्यावरनं आतल्या खोलीत जे झालं ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण अर्धंच, मध्ये कुकरची शिट्टी झाली.

आणि माई? त्या काय कमी आहेत. जाताना जावयांना विचारलं, “त्या साठ्यांच्या अजून आहेत का हो?” जावई खुलले, म्हणाले, जर्मनीची मागवलीय, पुढच्या महिन्यात येईल. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी. हळूच विचारलं, केवढ्याची? त्यांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, “मावशी, हिला मी अर्धाच सांगितलाय.”