हुजुरांच्या भेटीची तजवीज

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय गृहस्थ घराबाहेर पडतो तो बहुधा तीनच कारणांनी: एक तर त्या ठिकाणी देव असतो, किंवा आप्त असतो, किंवा वैद्याने सांगितलेली हवा असते. मध्य आफ्रिकेतील ज्वालामुखींच्या उतारांवर आमच्यापुरते यांपैकी काहीच नसल्यामुळे, पर्वतीय गोरिला त्यांच्याच अरण्यात जाऊन पाहावेत ही मनीषा मी घरी व्यक्त केली तेव्हा प्रथम तिच्याकडे प्रकृतीतील बिघाड याच सदराखाली पाहण्यात आले. सौभाग्यवतींनी निमूटपणे रक्तदाब मोजण्याचे यंत्र काढले. आणि आमचे मेहुणे, जे महसूल खात्यातून मामलेदार म्हणून निवृत्त झाले असून घरातील कोणत्याही प्रस्तावास प्रथम हरकत घेणे हे आपले जन्मसिद्ध कर्तव्य मानतात, त्यांनी ‘म्हैसूरला आहेत की गोरिला’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करण्याची शिफारस केली.

ही हरकत वरकरणी बिनतोड होती. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गोरिला आहेत, ते २०२१ साली जर्मनीहून आलेले आहेत, आणि त्यांना पाहायला पारपत्र लागत नाही. परंतु ते पश्चिम आफ्रिकेच्या सखल अरण्यांतील घराण्याचे. पर्वतीय गोरिला ही शाखाच निराळी, आणि तिचा एकही सभासद आज जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. ज्याला त्यांचे दर्शन हवे त्याने त्यांच्या उंबरठ्यापर्यंत गेले पाहिजे, आणि हा उंबरठा पृथ्वीवर दोनच ठिकाणी आहे: रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात ती विरुंगा पर्वताची रांग, आणि तिच्या उत्तरेस युगांडातील ब्विंडीचे निबिड अरण्य. विरुंगात २०१५-१६ च्या गणनेत ६०४ आणि ब्विंडीत २०१८ च्या गणनेत ४५९, अशी एकूण १,०६३ मुंडकी भरली. ‘एवढ्या वस्तीला स्वतंत्र ग्रामपंचायत तरी मंजूर होईल काय?’ असे मेहुणे म्हणाले. पण त्यांच्या स्वरातील हरकत जाऊन तेथे चौकशी आली होती, हे माझ्या लक्षात आले.

मामलेदारांच्या मनात एखाद्या वस्तीविषयी आस्था उत्पन्न होण्यास तिच्या हद्दीचा तंटा कानी पडावा लागतो. म्हणून मी त्यांना सांगितले की रवांडाच्या बाजूला बटाट्यांची शेते डोंगर चढत अगदी अरण्याला भिडतात; शेवटच्या वाफ्यापुढे रचीव दगडांचा बांध, आणि बांधापलीकडे लगेच गोरिलांचे राज्य; मध्ये गायरान नाही, परडे नाही, बैलगाडी वळवायला जागा नाही. ‘मोजणी कोणी केली?’ त्यांनी विचारले. तेथील राष्ट्रीय उद्यान १९२५ साली बेल्जियमच्या राजवटीत स्थापन झाले, आणि पुढे त्याच्याच जमिनीचा मोठा तुकडा कीटकनाशक फुलांच्या लागवडीसाठी तोडून देण्यात आला, हे ऐकल्यावर त्यांनी अशी मान हलवली की जणू त्या फेरफाराची नोंद त्यांच्याच सहीने झाली असावी. ब्विंडीचा प्रकार त्यांना अधिक लागला. १९९१ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढण्यात आले, तेही हातात फारसा मोबदला न पडता. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची प्रकरणे ज्यांनी आयुष्यभर उपसली ते आमचे मेहुणे यावर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तपकिरीची डबी काढली, आणि ती न उघडताच परत खिशात ठेवली.

आता परवान्याचे. रवांडात एका इसमास एका तासाच्या भेटीचा परवाना १,५०० डॉलरला मिळतो. २०१७ च्या मे महिन्यात तेथील सरकारने पूर्वीचा ७५० चा दर एका फर्मानासरशी दुप्पट केला. युगांडाचा दर सध्या ८०० डॉलर आहे. मेहुण्यांनी पाठकोऱ्या कागदावर त्रैराशिक मांडून रवांडातील गोरिला मिनिटाला पंचवीस डॉलर पडतो असे सिद्ध केले, आणि ‘डोळ्यात कुसळ गेले तर ते काढेपर्यंत पन्नास डॉलर बुडाले’ अशी भीती प्रकट केली. ‘दादा, तू आधीच चष्मा पुसून ठेव म्हणजे झालं,’ सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. वास्तविक हा नजराणा मला फारसा खुपत नाही. १९०२ साली साब्यिन्यो पर्वतावर कॅप्टन फॉन बेरिंगे नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने दोन गोरिला गोळी घालून पाडले, आणि शास्त्रज्ञांनी कृतज्ञताबुद्धीने त्या साऱ्या वंशाला त्याचेच नाव देऊन टाकले; त्या काळी भेटीला काहीच आकार पडत नव्हता, आणि १९८० च्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. आज त्याच पैशावर रखवालदार, माग काढणारे आणि पशुवैद्य पोसले जातात, रवांडात पर्यटनाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा उद्यानाभोवतीच्या गावांकडे जातो, आणि मुंडक्यांची संख्या वाढते आहे. ज्या सरकारी वसुलीचा परिणाम वाढत्या खानेसुमारीत दिसतो अशी वसुली माझ्या तरी ऐकिवात दुसरी नाही. मेहुण्यांच्याही नाही, पण ते तसे कबूल करणार नाहीत.

खरी पंचाईत परवान्याच्या किमतीत नसून त्याच्या शर्तींत आहे. एका कुटुंबास दिवसाकाठी आठच माणसांनी भेटावयाचे, आणि तेही एक तासच. पंधरा वर्षांखालील कोणास नेता येत नाही, त्यामुळे आमचा चौदा वर्षांचा नातू, ज्याला या सर्व घरात गोरिलांविषयी खरीखुरी माहिती आहे असा एकमेव प्राणी, तो आपोआपच गळाला. त्यांच्यापासून दहा मीटर दूर राहावयाचे. तोंडावर मुखपट्टी बांधावयाची. त्यांच्या आसपास काही खावयाचे नाही. अरण्यात नैसर्गिक विधीची निकड भासल्यास वाटाड्यास कळवावयाचे, म्हणजे तो कोयत्याने चांगला खोल खड्डा खणून देतो. या कलमाचे मोठ्याने वाचन होत असताना सौभाग्यवती उठून आत गेल्या. या साऱ्याचे कारण एकच, की आमचे रोग त्यांना होतात. आपल्याला साधे पडसे होते आणि चार दिवसांत जाते. तेच त्या बलाढ्य देहांत शिरले की फुफ्फुसांपर्यंत पोचून जिवावर बेतू शकते. म्हणून ज्याला खोकला किंवा सर्दी असेल त्याला त्या दिवशी डोंगर चढू दिला जात नाही.

आणि आमचे मेहुणे तपकीर ओढतात! सकाळी चहानंतर, दुपारी वामकुक्षीनंतर, आणि कोणी त्यांचे म्हणणे खोडून काढल्यास तत्काळ. प्रत्येक चिमटीनंतर ते शिंकतात. त्या शिंकेने आमच्या वाड्यातील मांजरे स्थलांतर करतात. ‘ही शिंक म्हणजे रोग नव्हे, व्यसन आहे,’ असा त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेलही, पण सकाळी सात वाजता रवांडातील उद्यानाच्या किनिगी येथील कचेरीसमोर उभा राहून आलेल्या पाहुण्यांचे वय, पाय आणि नाक यांवरून नजर फिरवणारा वाटाड्या शिंकेची मीमांसा करीत बसेल असे मला वाटत नाही. ज्या गृहस्थासमोर उभा तालुका वर्षानुवर्षे हात जोडून उभा राहिला, त्याला आता एका वानराच्या भेटीसाठी आरोग्याचा दाखला द्यावा लागणार, या विचाराने ते काही काळ विद्ध झाले. शिवाय कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पाठीवर चंदेरी केस असलेल्या दोन क्विंटलपर्यंत वजनाच्या नराच्या, डोळ्याला डोळा द्यावयाचा नाही. तो अंगावर चालून आल्यास पळावयाचे नाही, तर खाली बसून मान लववावयाची. ‘मी जिल्हाधिकाऱ्यांपुढेही मान लववली नाही,’ मेहुणे म्हणाले. ‘जिल्हाधिकारी अंगावर धावून येत नव्हते,’ मी म्हटले. दुसऱ्या दिवशी दुपारी, सारे घर निजले आहे अशा समजुतीने, ते दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसून मान खाली घालण्याचा सराव करीत असलेले त्यांच्या दुसऱ्या भगिनी आत्याबाई यांनी पाहिले, आणि भावाला उतारवयात का होईना देवाची वाट सापडली म्हणून पदर डोळ्याला लावला.

मेहुण्यांचे मतपरिवर्तन मात्र दंडाने झाले नाही, विड्याने झाले. तेथील उतारांवर एक खाजरी वनस्पती माजलेली असते. आपल्या खाजकुइलीची आठवण व्हावी असे तिचे केस, आणि तिच्यापायी प्रवाशांना जाड हातमोजे घालून, विजारीची टोके मोज्यांत खोचून चालावे लागते. गोरिला ती वनस्पती आवडीने खातात. एका हाताने दांडा बुडाशी धरायचा, दुसरी मूठ वरपर्यंत ओढीत नेऊन सगळी पाने एका हिसड्यात सोलून घ्यायची, देठांचा झुबका पिरगळून टाकायचा, आणि मग पानांची नीट घडी घालून, एकच पान बाहेर राहील आणि बाकीचे काटेरी केस आत मिटतील अशी ती पुडी, मुरलेल्या शौकिनाने गोविंदविडा जमवावा तशी, अंगठ्याने दाबून ओठांआड सारायची. हे वर्णन मी वाचून दाखवले तेव्हा मेहुण्यांनी ते पुन्हा वाचावयास सांगितले. ‘गृहस्थ दिसतो,’ ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात गोरिलांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात होऊ लागला.

एवढे झाल्यावर देशाची निवड राहिली. युगांडा स्वस्त, पण एंटेबेच्या विमानतळापासून ब्विंडीपर्यंत आठ-दहा तासांचा मोटारप्रवास. रवांडा महाग, पण किगालीहून दोन-तीन तासांत डोंगरपायथा. कंबरेच्या बाजूने सौभाग्यवती आणि कशाच्या बाजूने हे उघड असलेले मेहुणे यांच्यात बराच काळ वाटाघाटी होऊन शेवटी तह झाला तो असा: उतरावयाचे किगालीला, आणि सरहद्द ओलांडून जावयाचे ब्विंडीच्या दक्षिण टोकाला; रवांडा आणि युगांडा यांसह तीन पूर्व आफ्रिकी देशांस मिळून चालणारा एक शंभर डॉलरचा व्हिसा असतो, त्यावर हे बसते. पीतज्वराची लस दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, आणि तिचा दाखला परत येताना आपलेच सरकार मागते, नाही तर घराऐवजी विलगीकरणात मुक्काम पडतो. साठीपुढच्या माणसास ही लस देण्यापूर्वी डॉक्टर दोनदा विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी मेहुण्यांना तपासताना बराच वेळ विचार केला, त्यातील अर्धा त्यांची शिंक थांबण्याची वाट पाहण्यात गेला.

त्यानंतर एक अनपेक्षित संकट उद्भवले. रवांडाने २००८ सालापासून प्लास्टिकच्या पिशव्यांना आपल्या हद्दीत मज्जाव केलेला आहे. आता, मराठी कुटुंबाचे प्रवासी सामान म्हणजे मूलतः पिशव्यांची उतरंड असते: चिवड्याची पिशवी, तिला गळती लागली तर म्हणून दुसरी, मेतकुटाची, ओल्या टॉवेलची, आणि या सर्व पिशव्या भरलेली पिशवी. सौभाग्यवतींनी बातमी ऐकून दोन दिवस अबोला धरला, आणि नंतर माळ्यावरून पितळी डबे उतरवले. त्या डब्यांत भरलेल्या दशम्या, शंकरपाळे आणि सुंठीच्या वड्यांचे ओझे पाहता, डोंगरावर सामान वाहण्यासाठी भोवतालच्या गावांतले हमाल मिळतात ही सोय केवळ आम्हांला उद्देशूनच केलेली असावी असे वाटते. आमच्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिच्या माथ्यावर पोचताना ज्यांचा दम जातो त्यांना तिकडे त्याहून उंचावर चालावयाचे आहे, आणि हुजुरांचा मुक्काम रोज संध्याकाळी नव्या जागी पडत असल्यामुळे चाल अर्ध्या तासाची की सहा तासांची हे त्या दिवशीच कळावयाचे.

अर्ज गेला आहे. पारपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत, पैशाचा भरणा झाला आहे, आणि मेहुण्यांनी सोबत स्वहस्ते एक पुरवणी जोडली आहे, जीत त्यांनी आपली तपकिरीची चांदीची डबी डोंगर चढण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरीत अनामत ठेवण्याची तयारी दर्शवून, ती ठेवताना शिक्कामोर्तब झालेली रीतसर पावती मिळेल काय, आणि भेट संपल्यावर ती डबी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी परत मिळण्याची हमी कोणत्या हुद्द्याचा अधिकारी देईल, अशी पृच्छा केली आहे.