बाबांनी सत्तरने गुणू नये, म्हणून

सिंगापूर,
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमची तिकिटं काढल्यापासून बाबांच्या प्रत्येक फोनचा विषय एकच आहे : तिकडे खायचं काय आणि केवढ्याला? आईने त्यावर परस्पर तोडगाही काढलाय. मुक्कामभर पुरतील एवढ्या दशम्या, सांगलीचं भडंग, शेंगदाण्याची चटणी, शिवाय 'असू देत' म्हणून चकल्या. कपडे मात्र तिच्या यादीत कुठेच नाहीत. बाबा, डॉलर दिसला की तुम्ही मनातल्या मनात सत्तरने गुणता आणि मग साधा चहासुद्धा नको म्हणता, हे मी ओळखून आहे. म्हणून आधी हिशेबच मांडते.

इथे जेवणाचे दोन भाव आहेत. एक एसी रेस्टॉरंटचा. तिथे मेनूवर किमतीपुढे दोन बारीक अधिकचिन्हं असतात. पहिलं दहा टक्के सेवाशुल्काचं, दुसरं नऊ टक्के जीएसटीचं, आणि हा जीएसटी सेवाशुल्कावरही लागतो. वीस डॉलरचं जेवण उठेपर्यंत चोवीसला जातं. बँकेतल्या माणसाला चक्रवाढ समजावून सांगायला नको. दुसरा भाव हॉकर सेंटरचा. वर छप्पर, गरगरणारे पंखे, जमिनीत पक्की बसवलेली टेबलं-स्टुलं आणि ओळीने छोटे छोटे गाळे. पाटीवर चार डॉलर असतील तर चारच द्यायचे. चार-पाच डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं.

हे गाळेवाले पूर्वी रस्त्यावरच गाड्या लावायचे. खरकटं गटारात आणि गटार नदीत. सरकारने 1968-69 मध्ये त्यांची नोंदणी केली आणि 1971 पासून नळ, वीज आणि मोऱ्या असलेली सेंटरं बांधून त्यांना आत आणायला सुरुवात केली. 1986 पर्यंत परवानाधारक फेरीवाले सगळे छपराखाली आले. गाडी उचलून नेण्याऐवजी गाळा दिला, तोही लोकांच्या घराजवळ, आणि पहिल्या पिढीकडून भाडंही कमी घेतलं. इथलं जेवण स्वस्त राहिलं त्यात या धोरणाचा वाटा मोठा आहे. बाबा, नगरपालिकेला तुम्ही जी पत्रं लिहिता, त्यांत हा मुद्दा घालायला हरकत नाही. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. अशी सेंटरं आता शंभरावर आहेत आणि त्यातलं एक आमच्या बिल्डिंगच्या मागेच आहे.

त्यातला चांगला गाळा कसा ओळखायचा? पाटीवर एक-दोनच पदार्थ असतील तर थांबायचं. रांगेत टॅक्सीवाले आणि घरच्या सपाता घालून आलेल्या आज्या असतील तर मागे उभं राहायचं. दुपारी दीडलाच 'संपलं' म्हणून शटर ओढणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी लवकर जायचं. पण कोणी मेनूकार्ड घेऊन रस्त्यात आडवा आला आणि गोड बोलायला लागला, तर सरळ पुढे चालू पडायचं. ज्याचं अन्न चांगलं असतं त्याला बोलायला वेळ नसतो. 2016 मध्ये मिशेलिनवाल्यांनी अशा दोन गाळ्यांना तारा दिला. त्यातला एक चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला, तेव्हा तिथे सोया सॉसमधली कोंबडी आणि भात दोन डॉलरला मिळायचा. तुम्हा दोघांना त्याचा उपयोग शून्य, पण तुमचे जावई या विषयावर तासभर बोलतील. ऐकून घ्या.

आता शाकाहाराचं. नुसती हिरवी पालेभाजी दिसली म्हणून भुलू नका, तिच्यात बरेचदा आंबवलेल्या जवळ्याचं वाटण असतं. त्यावर उपाय म्हणजे चिनी बौद्धांचे शाकाहारी गाळे. तिथे बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आईचा चातुर्मास सुखरूप. फक्त आई, ताटात बदक दिसलं तर किंचाळू नकोस. ते गव्हाच्या चिकापासून नाहीतर सोयाबीनपासून केलेलं असतं. या गाळ्यांवर चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तोबा गर्दी होते, कारण बरेच बौद्ध लोक त्या दिवशी सामिष खात नाहीत. त्यांचा महिनाही चंद्रावरच चालतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचेच हे दिवस. तेव्हा चकल्या राहू देत, कालनिर्णय मात्र आण. रांग कधी टाळायची ते आमच्या आधी तुला कळेल.

अगदीच घरची आठवण आली तर लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे. डोसा, मेदुवडा, अप्पम सगळं मिळतं आणि शेजारच्या बाजारात शेवगा, कढीपत्तासुद्धा. टेबलाशी बसून निवांत जेवायचं तर 1924 पासूनचं आनंद भवन आणि 1947 पासूनचं कोमला विलास त्याच भागात आहेत. तिथे हॉकर सेंटरपेक्षा चार पैसे जास्त लागतात, पण बाबांना फिल्टर कॉफी मिळेल आणि मला शांतता.

चहाचं नीट लक्षात ठेवा. नुसतं 'तेह' म्हटलंत तर कपात भरपूर कंडेन्स्ड मिल्क पडतं आणि बाबांची साखर त्या कपातच वाढते. बाबांनी 'तेह सी कोसोंग' एवढं पाठ करावं. दूध असतं, साखर नसते. आईने आल्याचा 'तेह हालिया' घ्यावा, पण साखर कमी सांगून. दुपारी तहान लागली तर लिंबू पिळलेला उसाचा रस आहेच. आणि हो, गाळ्यावरचा तुमच्याच वयाचा माणूस तुम्हाला 'अंकल-आंटी' म्हणेल. बाबा, त्याला जन्मतारीख विचारत बसू नका, इथे सगळेच सगळ्यांना तसं म्हणतात.

जागा धरण्यात मात्र तुम्ही इथल्या लोकांना हरवाल. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसं इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून माणसं बिनधास्त रांगेत जातात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही.

शेवटी आईसाठी खास बातमी. जेवण झाल्यावर आपला ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा, असा 2021 पासून नियम आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा तीनशे डॉलर दंड. हलाल जेवणाचा रॅक वेगळा असतो, तेही पाहून ठेवायचं. म्हणजे इतक्या वर्षांत तुला जे जमलं नाही, ते इथल्या सरकारने एका फटक्यात केलं : बाबा स्वतःचं ताट उचलणार. आमची चिनू त्याचा व्हिडिओ काढायला टपून बसलीय. बाबा, सत्तरने गुणायचंच असेल तर त्या तीनशेला गुणा, म्हणजे विसरणार नाही.

तेव्हा दशम्या प्रवासापुरत्याच कर. भडंग भरपूर आण, ते इथे कुठल्याच भावात मिळत नाही.

तुमची,
मनू